गाल दुखतो आणि चिठ्ठीवर फिटची गोळी येते

प्रस्तावना

दुखतो गाल, आणि चिठ्ठीवर औषध येते फिटचे. विदर्भातल्या वणीच्या मेडिकलच्या काउंटरवर रुग्ण म्हणतो, "मला काही मिरगी नाही." काउंटरमागचा माणूस खरे तेच सांगतो, "गोळी तर मिरगीचीच आहे." पाकीट घरी जाते, फडताळात पडून राहते आणि दुखणे चालूच राहते. त्या गोळीचे त्या गालाशी नाते काय, हे उलगडून सांगणारी ज्ञानशाखा गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली आहे. तिच्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. तो नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेला डॉक्टर असो, दंतवैद्य असो, ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर असो, गावातली आशाताई असो, की घरात असे दुखणे असलेला कुणी असो.

हा विषय मेंदूच्या डॉक्टरांचा, आपला नव्हे, अशी एक समजूत आहे. ती सोडून द्यावी, हे माझे पहिले सांगणे. मेंदूतज्ज्ञाला दाखवायचे तर आपल्याकडच्या माणसाला बहुधा नागपूर गाठावे लागते. चंद्रपूर, यवतमाळ, सेवाग्राम इथली वैद्यकीय महाविद्यालये त्या मानाने जवळ, पण तिथे जायचेही एक दिवसाची मजुरी बुडवूनच. मात्र या दुखण्याचे निदान मुख्यतः ऐकून आणि हात लावून होते, आणि ते काम वणीत, मारेगावात, झरीतही होऊ शकते. यंत्रांचा उपयोग आहे, पण तो नंतरचा.

सुरुवात दोन नसांपासून करू. चेहरा हलवणारी नस वेगळी, आणि स्पर्श, ऊन-थंड, वेदना कळवणारी नस वेगळी. हलवणारी ती सातवी. डोळा मिटणे, गाल फुगवणे, हसणे, शीळ घालणे ही तिची कामे. कळवणारी ती पाचवी. तिच्या तीन फांद्यांनी चेहरा वाटून घेतला आहे : एकीकडे कपाळ आणि डोळा, दुसरीकडे गाल आणि वरचा जबडा, तिसरीकडे हनुवटी आणि खालचा जबडा. सातवीला इजा झाली की तोंड वाकडे होते, डोळा उघडा राहतो, आणि लोक म्हणतात लकवा मारला. पाचवीला इजा झाली की चेहरा दिसायला जसाच्या तसा, पण आतून पेटलेला. रुग्ण "चेहऱ्याची नस" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात या दोन्ही एकच असतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनातही कधी कधी एकच असतात. सातवीतही थोडे संवेदनेचे तंतू आहेत. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानाजवळची इवलीशी जागा तिच्याकडे आहे. त्यामुळे लकव्याच्या सुरुवातीला कानामागे दुखते, आणि कानात नागीण उठली तर फारच दुखते. पण गालातून करंट गेल्यासारखे होते असे कुणी म्हणाले, तर आधी पाचवी तपासावी.

हा घोटाळा जुना आहे आणि त्याची किंमत माणसांनी चेहऱ्याने मोजली आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये चेहऱ्याच्या या विजेसारख्या वेदनेचे वर्णन केले, लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये ते अधिक नेमके केले. पण कोणती नस काय करते हे तेव्हा पक्के ठाऊक नव्हते. त्यामुळे वेदना थांबवण्यासाठी सातवी नस कापण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. वेदना तशीच राहिली आणि वर तोंड वाकडे झाले. चार्ल्स बेल यांनी १८२१ पासून मांडलेले प्रयोग आणि हर्बर्ट मेयो यांनी त्यांत केलेल्या दुरुस्त्या यांमधून या दोन नसांची कामे वेगळी झाली. आपल्या प्राचीन ग्रंथांतही तोंड वाकडे होण्याला अर्दित म्हणून वातव्याधींत ठेवले आहे, आणि डोळा, भुवई, कानशील धरून बसणाऱ्या तीव्र वेदनेला अनंतवात हे नाव देऊन शिरोरोगांत. आजच्या निदानाशी ही नावे तंतोतंत जुळवू पाहणे मला पटत नाही. पण दोन दुखणी दोन ठिकाणी नोंदवणारी नजर आदर करावा अशीच आहे.

वणीत बसून हा विषय शिकायचा तर पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने शिकू नये. इथल्या माणसांच्या चेहऱ्यातल्या नसांना इजा कशाने होते, तिथून सुरुवात करावी.

पहिले कारण कुष्ठरोग. वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि तिथे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी त्याआधीच, १९३६ मध्ये, कुष्ठसेवेचे काम उभे केले होते. बहुविध औषधांचा उपचार देशात सर्वप्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही नवे रुग्ण सापडतात. एवढा मोठा इतिहास ज्या प्रदेशाचा आहे, तिथे कुष्ठरोगाची ओळख बधिरपणाचा रोग अशीच रुजली : चटका बसतो तरी कळत नाही, काटा रुततो तरी कळत नाही. म्हणून कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस "दुखते" म्हणाला की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. तो विश्वास बसावा म्हणून एक पाहणी सांगतो. बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टमध्ये औषधोपचार पूर्ण झालेल्या १०१ जणांना तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या २२ जणांना मज्जावेदना, म्हणजे इजा झालेल्या नसेतून उठणारी वेदना, होती. जंतू संपले, कार्डावर "उपचार पूर्ण" असा शेरा पडला, आणि पाचांतला एक माणूस जळजळ घेऊन घरी गेला.

चेहऱ्यापुरते बोलायचे तर या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. सातवीच्या डोळा मिटवणाऱ्या फांद्या गालाच्या हाडावरून त्वचेलगत जातात, त्या तो पकडतो. पाचवीची डोळ्याकडची फांदीही तो बोथट करतो. मग पापणी मिटत नाही आणि डोळ्यात कचरा गेलेला कळतही नाही. दोन्ही एकाच माणसात आले की डोळा जायला वेळ लागत नाही. डॉ. नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात १९५० च्या दशकात अशा चेहऱ्यांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि या कामासाठी त्यांना इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे हंटेरियन प्राध्यापकपद मिळाले. डोळा मिटावा म्हणून कानशिलाचा स्नायू पापणीला जोडण्याची शस्त्रक्रिया कुष्ठरोग रुग्णालयांमध्ये पुढे नेहमीची झाली. चेहऱ्याच्या नसेची इजा ही महाराष्ट्रातल्या वैद्यकाने फार जवळून पाहिलेली गोष्ट आहे. तिच्या वेदनेकडे मात्र आपण उशिरा वळलो.

इथेच या शास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा भेद येतो, आणि नव्या वाचकाने बाकी सारे विसरले तरी चालेल, हा विसरू नये. कुष्ठरोगात नस नव्याने दुखू लागली, बोटाखाली जाड आणि हुळहुळी लागली, पापणीची ताकद आठवड्यागणिक कमी होऊ लागली, तर ती नस त्या घडीला सुजते आहे आणि मरते आहे. तिथे फिटची गोळी हे उत्तर नव्हे. तिथे प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड लागते, तेही दोन-चार दिवस नव्हे, आठवडे आणि महिने. ते वेळेवर मिळाले तर नस वाचते. वेदना झाकून वेळ घालवला तर हातची नस जाते. साध्या लकव्यातही, म्हणजे ज्याला बेलचा लकवा म्हणतात त्यात, स्टिरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू होण्याला मोल आहे, आणि उघड्या डोळ्याला थेंब, मलम, रात्रीची पट्टी लागते. सूज ओसरल्यावर, कधी कधी वर्षांनी, जी वेदना मागे उरते, ती या पुस्तकाचा विषय.

दुसरे कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेली पुडी म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगावे लागते, इथल्याला नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो, तो राहिला. आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे होते, आणि कुणाकुणाच्या गालात किंवा हिरडीशी न भरणारी जखम होते. तिचा कॅन्सर निघाला की शस्त्रक्रिया. खालच्या जबड्याचे हाड काढायचे तर त्याच्या आतून जाणारी पाचवीची फांदी हाडाबरोबर जाते. मानेतल्या गाठी काढताना सातवीची ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी बारीक फांदी ताणली जाते किंवा तुटते. वरून रेडिएशन. जीव वाचतो, आणि तो वाचवणे हेच पहिले काम होते, यात शंका नाही. पण काही महिन्यांनी हाच माणूस येऊन सांगतो की हनुवटी बधिर आहे, आणि तीच बधिर हनुवटी जळते. ऐकणाऱ्याला हे विसंगत वाटते. खरे तर बधिरपण आणि आग एकाच जागी असणे ही मज्जावेदनेची सर्वांत भरवशाची खूण आहे.

मात्र ऑपरेशन झालेल्या कॅन्सररुग्णाच्या नव्या वेदनेला लगेच मज्जावेदना म्हणून टाकू नये. रोग उलटला आहे का, रेडिएशनने हाड सडते आहे का, उरलेल्या दातात पू आहे का, हे आधी पाहावे. आणि कसलेही ऑपरेशन किंवा मार नसताना कुणाची हनुवटी आपोआप बधिर झाली, तर त्याला साधी बाब समजू नये. जबड्यातल्या किंवा दूरच्या एखाद्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते.

बाकी कारणे झरझर सांगतो. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर दुचाकी घसरून गालाचे हाड मोडणे, त्यात डोळ्याखालची फांदी चेचते. खालची अक्कलदाढ काढताना जबड्यातली किंवा जिभेकडची फांदी दुखावणे. कपाळावर आणि डोळ्याभोवती उठलेली नागीण. पुरळ वाळते पण वेदना उतारवयात महिनोन्‌महिने बसते. आणि २०२१ मध्ये कोविडमागून आलेली काळी बुरशी, जिच्यात महाराष्ट्रातल्या पुष्कळ रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला. त्यांच्या गालातली नस जबड्याबरोबर गेली, आणि ते लोक अजून आपल्यात आहेत.

आता नसेत काय होते ते पाहू. कापसाचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तुटलेल्या नसेच्या टोकाचेही तसेच : पुढची वाट सापडली नाही की ते बारीक तंतूंचा गुंता फोडते. नसेच्या आवरणात काही प्रथिने असतात, ज्यांतून सोडियमचे कण आत शिरले की संदेश उमटतो. ती प्रथिने या गुंत्यात प्रमाणाबाहेर गोळा होतात. मग कुणी हात लावला नाही तरी संदेश सुटतात, आणि मेंदू ते मूळ जागेवरून आले असे समजतो. जबड्याचा तुकडा काढून टाकलेला असतो, तरी त्याच तुकड्यातला दात ठणकतो. सतत येणाऱ्या या माऱ्याने मेंदूच्या देठातले पाचवीचे केंद्रही हळवे होते. नुसता स्पर्श वेदना म्हणून वर जाऊ लागतो. कुंकू लावणे, तोंडावर पाणी मारणे, एसटीच्या खिडकीतला वारा, भाकरीचा घास, यांतले काहीही पुरते.

मिरगीच्या झटक्यात मेंदूच्या पेशी एकदम, अनावर, एका लयीत संदेश फेकतात. नसेच्या तुटक्या टोकाशी त्याच जातीचे काम चालते. पॅरिसचे वैद्य आर्मां त्रुसो यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच हे साम्य जाणवले होते, आणि त्यांनी चेहऱ्याच्या झटक्यांच्या वेदनेला अपस्मारासारखी वेदना असेच म्हटले. त्यांच्याकडे औषध नव्हते. फेनिटॉइन झटके आवरते हे मेरिट आणि पुटनाम यांनी १९३८ मध्ये दाखवले, आणि फ्रान्समध्येच बेर्गूइन्यां यांनी १९४२ मध्ये ते चेहऱ्याच्या वेदनेवर वापरून पाहिले. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये कार्बामाझेपिन तयार केले. स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्याचा चेहऱ्याच्या वेदनेवरचा परिणाम कळवला. पुढची गोष्ट मला रुग्णांना सांगायला फार आवडते. अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता १९६८ मध्ये मिळाली ती चेहऱ्याच्या वेदनेसाठी. मिरगीसाठी ती १९७४ मध्ये आली. तिथे ही गोळी आधी गालाची होती, मग फिटची झाली. हे ऐकले की समोरच्याच्या कपाळावरची आठी जाते.

कार्बामाझेपिन सोडियमच्या वाटा अडवते, पण सरसकट नाही. जी वाट वारंवार उघड-मीट करते, तिलाच ते जास्त धरते. म्हणून शांत नस आपले काम करत राहते आणि पिसाळलेली आवरली जाते. गॅबापेंटिनचा मार्ग वेगळा. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रेणूची नक्कल म्हणून ते घडवले गेले, पण १९९६ मध्ये कळले की ते चिकटते ते कॅल्शियमच्या वाटेच्या एका भागाला, ज्याला अल्फा-दोन-डेल्टा म्हणतात. तिथून ते संदेश पुढे सोडणाऱ्या रसायनांची धार कमी करते. प्रेगाबालिन त्याचेच धाकटे भावंड. अल्प मात्रेत चालणारे अमिट्रिप्टिलिन हे मुळात उदासीनतेवरचे औषध, तरी याच कामासाठी जगभर वापरतात, आणि ते स्वस्त आहे.

नव्या वाचकाची इथे एक मोठी गफलत होते. रक्तवाहिनीचा वेटोळा पाचवीच्या मुळाशी घासून जी विजेसारखी वेदना होते, म्हणजे जिला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात, तिच्यात कार्बामाझेपिनचा गुण इतका ठळक असतो की बहुसंख्य रुग्णांना काही दिवसांत फरक पडतो. मारामुळे, शस्त्रक्रियेमुळे, कुष्ठरोगामुळे इजा झालेल्या नसेची वेदना वेगळ्या चालीची असते : सतत, जळजळणारी, खाली बधिरपणाचा थर असलेली. तिथे गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन पुढे येतात, आणि कुणाचाही गुण तेवढा ठळक नसतो. २०१५ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत एक मोठा आढावा आला. त्याचा हिशेब असा : सर्व प्रकारच्या मज्जावेदना एकत्र धरल्या, तर गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन सात-आठ जणांना दिल्यावर औषधामुळे अशा एका जणाची वेदना निम्म्याने उतरते, जी औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने उतरली नसती. अमिट्रिप्टिलिनच्या वर्गाचा हाच आकडा चाराच्या आत. हे आकडे वाचून नाउमेद होणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला ते आकडे धीराचे वाटतात, कारण ते सांगतात की एका औषधाने गुण आला नाही म्हणजे रुग्ण खोटा नव्हे. दुसरे औषध बाकी आहे, मात्रा बाकी आहे.

तपासणी कशी करावी ते जवळून पाहू. रुग्णाला खुर्चीवर बसवावे, डोळे मिटायला सांगावे. मिटतात का, पापण्यांत फट राहते का, हे पाहताना सातवी तपासून झाली. आता कापसाचा धागा कपाळाला, गालाला, हनुवटीला, आधी चांगल्या बाजूला आणि मग दुखऱ्या, अगदी हलके टेकवावा आणि विचारावे : दोन्हीकडे सारखे लागले का? मग टूथपिकचे टोक, मग थंड पाण्यातला चमचा. जिथे स्पर्श कमी लागतो त्या जागेची कड बोटाने शोधत जावी आणि पेनाने आखावी. ती आखणी पाचवीच्या एखाद्या फांदीच्या हद्दीशी जुळली, तर निम्मे निदान झाले. मग कापूस हलकेच दुखऱ्या जागेवरून ओढावा. रुग्ण दचकला तर उरलेलेही झाले. त्याआधी मात्र त्याला बोलू द्यावे. चमक निघते, करंट बसतो, मुंग्या येतात, आग आग होते, खाज येते पण खाजवता येत नाही, हे शब्द त्याने आपणहून वापरले तर ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. फ्रेंच संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली डीएन-४ नावाची दहा खुणांची सूची हेच करते. दहांपैकी चार किंवा अधिक खुणा जुळल्या तर मज्जावेदना संभवते. आणि एक विनंती दंतवैद्यांना : दाताच्या चित्रात काही नसताना दुखते म्हणून दात काढू नये. एकामागून एक चांगले दात काढून घेतलेले, आणि तरी दुखणारे लोक, हे या शास्त्रातले फार दुःखदायक दृश्य आहे.

औषध देण्याची रीत हळूहळू चढण्याची. कार्बामाझेपिन दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅमपासून, गॅबापेंटिन रात्री ३०० मिलिग्रॅमपासून, अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून, दर काही दिवसांनी पाहत पाहत वाढवतात. पहिल्या आठवड्यात गुंगी, चक्कर, तोल जाणे असते. खाणीत पाळीवर जाणारा, कोळशाचा ट्रक चालवणारा, विहिरीच्या काठावर काम करणारा माणूस समोर असेल तर हे आधी विचारायचे आणि पहिली गोळी सुटीच्या रात्री द्यायची. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिन आधी पाहावे. कार्बामाझेपिनने रक्तातले सोडियम उतरू शकते, विशेषतः उतारवयात आणि लघवीच्या गोळ्या चालू असताना. म्हातारा माणूस अचानक बरळू लागला तर ते आठवावे. ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, हे तरुण बाईला स्पष्ट सांगावे, आणि दिवस राहिलेले किंवा राहायचे असतील तर औषधाची निवडच पुन्हा करावी. क्षयाच्या उपचारातल्या आयसोनियाझिडने कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी चढते, आणि क्षय आपल्याकडे दुर्मिळ नाही. अमिट्रिप्टिलिन हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला, काचबिंदू असणाऱ्याला, लघवी अडकणाऱ्या म्हाताऱ्याला जपून.

कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असे काही झाले, तर गोळी त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठायचा. ही त्वचेची प्रतिक्रिया विरळा, पण जीवघेणी असते. आशियातल्या काही लोकसमूहांत एचएलए-बी १५०२ नावाच्या जनुकाशी तिचा संबंध दिसला आहे. ही आणीबाणी सोडली तर मात्र या वर्गातली कोणतीही गोळी अचानक तोडू नये. दुखणे थांबले म्हणून, पाकीट संपले म्हणून, लग्नघरी गेलो म्हणून गोळी एकदम सुटली की वेदना उसळून परत येऊ शकते, आणि ज्याला कधी फिट आली नाही त्यालाही येण्याचा धोका असतो. जशी चढवली, तशीच उतरवायची.

यातली सर्वांत नाजूक बाब औषधाच्या पुस्तकात नसते. मिरगीचा आपल्या समाजात डाग मानतात. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीच्या घरात मिरगीच्या गोळ्यांचे पाकीट सापडले तर काय होते, हे मला सांगायला नको. म्हणून चिठ्ठी हातात देण्याआधी घरच्या एका माणसासमोर सांगावे : ही गोळी फिटवर चालते, तुमच्या मुलीला फिट नाही, तिच्या गालातली नस दुखावली आहे आणि त्या नसेला शांत करायला हीच गोळी लागते. याला दोन मिनिटे लागतात. न सांगितलेल्या औषधाचा गुण शून्य, कारण ते घेतलेच जात नाही.

बाजाराविषयी एक परिच्छेद लिहिणे मला भाग आहे. गॅबापेंटिन ज्या दुखण्यांसाठी मान्य नव्हते त्यांच्यासाठीही ते खपवल्याबद्दल अमेरिकेत वॉर्नर-लँबर्ट या कंपनीने २००४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिची मालक झालेल्या फायझरने ४३ कोटी डॉलर भरले. चांगल्या औषधाचा असा गैरवापर झाला की त्याची पत जाते. आपल्याकडे प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच गोळीत कोंबून देण्याची रीत फार बोकाळली आहे. बी-१२ कमी असेल तर ते जरूर द्यावे, पण वेगळे. जोडगोळीत प्रेगाबालिन रुग्णाच्या गरजेप्रमाणे चढवता-उतरवता येत नाही. शिवाय कंबर दुखली, पाय दुखले, झोप नाही, म्हणून हीच गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. प्रेगाबालिनची सवय लागू शकते. ज्याला ती खरोखर हवी त्याच्यासाठी ती जपून ठेवणे हे लिहून देणाऱ्याच्या हातात आहे.

या शास्त्रातली पुष्कळ जागा अजून मोकळी आहे. कुष्ठरोगानंतरच्या वेदनेवर या औषधांच्या नीट केलेल्या तुलनात्मक चाचण्या फार थोड्या आहेत. खर्रा खाणाऱ्याच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या वेदनेची इथल्या रुग्णांत जशी नोंद व्हायला हवी, तशी होत नाही. अशा चाचण्या मोठ्या संस्थांनी कराव्यात. पण नोंद लहान दवाखान्यातही ठेवता येते, आणि तोच रुग्ण वर्षानुवर्षे तिथेच येत असल्यामुळे ती जास्त काळाची होते. वहीत एवढेच असावे : कोणती फांदी, इजा कशाची आणि कधीची, वेदना दहापैकी किती, कोणती गोळी किती मात्रेत, रात्री झोप लागली का, भाकरी चावता आली का. दर भेटीला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा या भागातल्या चार-पाच डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी अशा वह्या ठेवल्या, तर कुष्ठरोगाच्या आणि खर्ऱ्याच्या प्रदेशातल्या चेहऱ्याच्या वेदनेला कोणती गोळी कितपत लागू पडते, हे आज कुठल्याच पुस्तकात नीट न लिहिलेले प्रकरण लिहायला घेता येईल.